माफीपत्रातलं दुसरं वाक्य

माझ्या वर्गात माफीपत्र तीन वाक्यांचं असतं. पहिल्या वाक्यात काय केलं ते लिहायचं. दुसऱ्यात, ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. तिसऱ्यात, पुन्हा असं करणार नाही. खाली सही आणि तारीख. "मिस, पण आधी त्यानं मला चिडवलं" वगैरे पुराण मी ऐकून घेत नाही. इथे आखातात, ईसा टाउनमध्ये समाजशास्त्र शिकवायला लागून मला सतरा वर्षं झाली, आणि नव्याने आलेल्या शिक्षिका हा नमुना माझ्याकडून मागून घेऊन जायच्या, इतकी त्याची ख्याती होती.

मुलं पहिलं आणि तिसरं वाक्य भराभर लिहितात. अडतात ती दुसऱ्याशी. "मिस, पण मला खरंच माहीत नव्हतं." माझं उत्तर ठरलेलं असायचं. माहीत नव्हतं, तर मग लपवलंस कशाला? चोराच्या मनात चांदणं! मूल मान खाली घालून लिहायचं, आणि लिहून दिलं की मी शिक्षा अर्धी करायचे. मला तो माझा मोठेपणा वाटायचा.

घरातही हाच कायदा होता. एकुलत्या एका मुलाची सगळी माफीपत्रं मी बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात जपून ठेवली आहेत. ती इंग्रजीत आहेत, कारण इथे वाढलेल्या बहुतेक मुलांसारखं त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. सर्वात जुनं पत्र तो सहा वर्षांचा असतानाचं आहे. मी नैवेद्याची चकली खाल्ली, ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं, पुन्हा खाणार नाही. 'चकली'चं स्पेलिंग त्यानं तीनदा खोडलंय. पाहुण्यांना मी ते पत्र कौतुकानं दाखवायचे आणि तो लाजून आत पळायचा.

आठवीला फौजदारी न्यायव्यवस्थेवर एक धडा आहे. पोलीस, सरकारी वकील, आरोपीचा वकील, न्यायाधीश. फळ्यावर चार रकाने आखायचे आणि प्रत्येकाचं काम लिहायचं. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, हे वाक्य मी दरवर्षी अधोरेखित करून घ्यायचे, कारण परीक्षेत हमखास येतं. त्याच तासाला कुणी खिडकीची काच फोडली, तर मागचा अख्खा बाक उभा करायचे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला माझा इलाज नसायचा.

आता पिशवीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं.

आम्ही शाळेजवळच्या सनद या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये जिथे देवघर ठेवायला जागा आहे, नेमका तिथेच छताला धूर ओळखणारा अलार्म बसवलेला. या घरातली पहिलीच दिवाळी. आरती झाली, कापूर पेटला, मी हौसेनं धूपही भरपूर केला, आणि अख्खी इमारत बोंबलायला लागली. तिसऱ्या मजल्यावरची इजिप्शियन बाई बाळाला कडेवर घेऊन खाली, फिलिपिनो नर्स डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली, आणि त्यांच्या मधोमध पैठणीत मी, हातात आरतीचं ताम्हन. माझ्या नवऱ्याला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो बांधकाम कंपनीत इंजिनियर. पुढच्या वेळी त्यानंच युक्ती काढली. आरतीच्या आधी स्टुलावर चढायचं, कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरची, म्हणजे किराणा दुकानाची, प्लास्टिकची पिशवी अलार्मवर चढवायची, वरून रबर बँड. आरती झाली की काढायची.

काढायची, हे बोलायला. सण झाला की फराळ, पाहुणे, भांडी यात पिशवी राहून जायची. मग गणपतीपासून दिवाळीपर्यंत तशीच. मुलगा उंच झाला तसं हे काम त्याच्याकडे गेलं. रांगोळी माझी, समई नवऱ्याची, पिशवी त्याची. चपला बाहेर काढाव्यात तितक्या सहज तो ते करायचा. त्याला वेगळं सांगावंही लागत नसे.

इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, वयस्कर मल्याळी माणूस आहे. एकदा एसी दुरुस्त करणाऱ्याला घेऊन वर आला आणि त्याची नजर छताकडे गेली. "मॅडम, ये निकालो. मना है. आग लगेगा तो मालूम कैसे पड़ेगा?" मी हो हो म्हटलं आणि काढली. महिन्याभरानं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो बोलला नाही, नुसता बघून गेला. तपासणीला माणसं येणार असली की बिचारा आधी खालून फोन करायचा, "मॅडम, यल्ला, जल्दी थैली निकालो." आम्ही काढायचो, ती माणसं गेली की बांधायचो. यावर घरात विनोद व्हायचे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

मुलगा इंजिनियरिंगला अमेरिकेत गेला. त्याच्या सामानात मी पितळी निरांजन, फुलवातींची डबी आणि धूप घातला. दुसऱ्या वर्षी त्याला युनिव्हर्सिटीच्या आवारातच छोटा फ्लॅट मिळाला, तिकडचाच एक मुलगा जोडीदार. चांगला होता. मी पाठवलेले बेसनाचे लाडू त्यानं एका बैठकीत संपवले आणि फोनवर येऊन मला थँक्यू म्हणाला, तोंड भरलेलं असताना. लाडू टाळूला चिकटलेला मला ऐकू येत होता.

त्या लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे दिवेलागण झाली होती आणि त्याच्याकडे सकाळ होती. व्हिडिओवर मी त्याला एकेक सांगत होते. पाट नाही, मग पुस्तक ठेव. फुलं नाहीत, मग अक्षता वाहा. तेवढ्यात त्यानं फोन छताकडे वळवला. "मा, देअर्ज वन हिअर टू." तसाच पांढरा गोल अलार्म.

मी म्हटलं, "मग बांध की पिशवी. आपण बांधतो तशी."

तो हसला. खुर्चीवर चढला, पिशवी बांधली. मी पडद्यावर बघत होते. "रबर बँड घट्ट लाव रे," असंही म्हणाले. आरती छान झाली. त्यानं पडद्याला नमस्कार केला आणि आम्ही दोघांनी पडद्यातूनच आशीर्वाद दिला. मग खाली मित्र नाश्त्याला थांबले होते, म्हणून तो गेला. निरांजन तेवतच ठेवून गेला. देवापुढचा दिवा फुंकून विझवायचा नाही, आपला आपण शांत होऊ द्यायचा, हेही माझंच.

निरांजनाच्या ज्योतीनं खिडकीचा पडदा पेटला. जोडीदार आतल्या खोलीत झोपलेला होता. छताचा अलार्म पिशवीत असल्यामुळे वाजला नाही. धूर आत शिरून त्याला जाग आली तोवर बाहेरची खोली पेटलेली होती, आणि दार उघडण्यासाठी त्यानं हातांनीच तापलेली कडी धरली. तो वाचला. फुप्फुसं बरी व्हायला कितीतरी महिने गेले आणि उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत.

मुलाचा फोन आला तेव्हा तो रडत होता. मी पहिला प्रश्न विचारला, तू ठीक आहेस ना? दुसरा प्रश्न मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. मी विचारलं, "खरं सांगितलंस ना सगळं?"

"येस, मा. एव्हरीथिंग."

आगीचा तपास करणारा अधिकारी फार सौजन्यानं वागला म्हणे. पाण्याची बाटली दिली, खांद्यावर हात ठेवला, काय काय झालं विचारलं. आमच्या चिरंजीवांनी दिवा, पडदा, पिशवी, सगळं क्रमवार सांगितलं. फक्त पिशवी कुणी बांधायला सांगितली तेवढं सांगितलं नाही. मी म्हणाले, "शाबास."

फोन ठेवला आणि मान वर केली. आमची पिशवी गणपतीपासूनची तशीच होती. स्टुलावर चढून ओढली तर रबर बँड चिकट होऊन हाताला लागला.

दोन दिवसांनी मीच त्याला म्हटलं, त्या मुलाच्या आईला माफीपत्र लिही. आपल्यामुळे तिचं लेकरू हॉस्पिटलात आहे, तिला दोन शब्द लिहायला नकोत? मला अजूनही वाटतं की ते बरोबर होतं. माणसानं माणसाकडे जावं, चुकलं म्हणावं.

"व्हॉट डू आय राइट?" त्यानं विचारलं.

"काय लिहू म्हणजे? तीन वाक्यं. तुला नवीन आहे का?"

तो इंग्रजीतच म्हणाला, पण मा, दुसरं वाक्य खरं नाही. मला नव्हतं माहीत. म्हणजे असं काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अगदी माझ्या वर्गातल्या मुलांसारखं. आणि मी सतरा वर्षांच्या सवयीनं, विचार न करता, म्हणाले, "माहीत नव्हतं, तर मग पिशवी बांधलीस कशाला?"

हे मी त्याला विचारलं. मी.

मग त्यानं लिहिलं.

आठवड्याभरात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. युनिव्हर्सिटीतल्या कुणीतरी एक वकील गाठून दिली. चटपटीत बाई, बोलताना मध्येच चष्मा डोक्यावर ढकलायची. आमच्या संध्याकाळी पाचला तिची सकाळ व्हायची. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, नवऱ्याच्या हातात वही आणि मी शाळेच्या साडीत, पिना न काढलेल्या. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, मी येण्याआधी तो कुणाकुणाशी बोलला? आम्ही सांगितलं. गप्प राहण्याचा त्याला हक्क होता, ती म्हणाली. तिकडे आरोपीवर काहीच सिद्ध करायची जबाबदारी नसते. सगळं सिद्ध करायचं ते सरकारनं. तो नुसता बसून राहिला असता, तरी त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'दोषी' असा लावता आला नसता.

मी म्हणाले, "पण त्यानं खरं सांगितलं."

"हो," ती म्हणाली. "तीच अडचण आहे."

नंतरच्या दिवसांत ती मला जे शिकवत गेली ते माझ्या चार रकान्यांत कुठेच नव्हतं. तिकडच्या कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना दोन गोष्टी लागतात. हातून घडलेली कृती आणि ती करताना मनात काय होतं ते. नुसती कृती पुरत नाही. आणि मनाच्याही पायऱ्या आहेत. मुद्दाम केलं, ही सर्वात वरची. मग, असं होणार हे माहीत असून केलं. मग, धोका आहे हे कळत होतं, तरी त्याच्याकडे काणाडोळा केला. सर्वात खाली, कळायला हवं होतं, पण ध्यानात आलं नाही. त्याच दिव्याची, त्याच पडद्याची शिक्षा पायरीप्रमाणे बदलते. शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये तर घराचा उंबरठा असावा एवढंच अंतर, आणि तेवढ्यावर माझ्या मुलाचं आयुष्य अडलं होतं. धोका त्याला कळत होता की नव्हता?

"त्यानं राहायला जाताना नियमावलीवर सही केली आहे," ती म्हणाली, "पण चाळीस पानांवर सही करणारी मुलं ती वाचत नाहीत, हे ज्यूरीतल्या कुठल्याही आईबापाला कळेल. सहीचा मी प्रतिवाद केला असता. बारा जणांच्या मनात रास्त शंका उभी करायची, एवढंच माझं काम होतं. शंका राहिली तर फायदा आरोपीला."

मग तिनं चष्मा डोक्यावर ढकलला आणि एक कागद पडद्यासमोर धरला. निळ्या शाईतलं सुबक अक्षर मी लगेच ओळखलं. तीन वाक्यं.

त्या मुलाच्या आईनं पत्र सरकारी वकिलाला दिलं होतं. मी तिला दोष देत नाही. लेकराची बोटं पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली बघत बसले असते, तर मीही दिलं असतं, आणि वर चार गोष्टी सुनावल्या असत्या. पहिल्या वाक्यात कृती होती. दुसऱ्यात मन होतं. ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. सरकारनं महिनोन्महिने धडपडून जे सिद्ध करायचं, ते पोरानं सहीनिशी, तारखेसह लिहून दिलं होतं.

वकिलीणबाईंनी सहज विचारलं, "त्याला हे असं लिहायला कुणी शिकवलं?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. वहीतच बघत राहिला. नंतर स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटत असताना, दारात उभा राहून म्हणाला, "पिशवी पहिल्यांदा मी बांधली होती. ते विसरू नकोस." त्याला माझं ओझं वाटून घ्यायचं होतं. माझं लाटणं तिथेच थांबलं आणि मी पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडले.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारली. सकाळभर बसून कागद लिहिला. पिशवी बांधायला मी सांगितलं. दिवा न विझवायला मी सांगितलं. पत्राची भाषाही माझी. काय ती शिक्षा मला द्या. संध्याकाळी मी तो वाचून दाखवला तेव्हा वकिलीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणजे त्या क्षणी अलार्मबद्दल बोलणं झालं. म्हणजे तो अलार्म आहे, कशासाठी आहे, बंद केला तर काय, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तुमच्या या कागदानं त्याचं मन आणखी उघडं पडेल. तुम्ही त्याची शिक्षा घेऊ शकत नाही. या कायद्यात प्रत्येकाचा दोष ज्याचा त्याचा. हा कागद फाडा, आणि यावर कुणाशी बोलू नका. त्याच्याशी तर नाहीच."

अख्खा जन्म मी इतरांना कबुली द्यायला लावलं. स्वतः द्यायला गेले, तर घ्यायला कुणी नव्हतं.

सरकारनं तडजोड देऊ केली. गुन्हा कबूल केला तर खालच्या दर्जाचा आरोप, अकरा महिने कैद आणि नंतर बहुधा मायदेशी रवानगी. लढलं आणि हरलं तर काही वर्षं आत. "पत्र नसतं तर मी लढ म्हणाले असते," वकिलीणबाई मुलाला म्हणाल्या. आम्ही ऐकत होतो. त्यानं आठवडा मागून घेतला. तो आठवडा मी शाळेत गेले, तास घेतले, वह्या तपासल्या. शनिवारी नवरा मला बळेच बुदैयाच्या शेतकरी बाजारात घेऊन गेला. तिथे इथल्या मातीतली मेथी मिळते आणि मुलाला मेथीचे पराठे आवडतात. मी सवयीनं चार जुड्या घेतल्या. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आम्ही खाणारे दोघंच. त्या जुड्या मांडीवर घेऊन सनदपर्यंत आले.

त्यानं कबुली द्यायचं ठरवलं. सुनावणी व्हिडिओवर बघता येणार होती. पुन्हा तेच, आमचे पाच वाजलेले, खाली शाळेची शेवटची बस मुलांना सोडत होती. पडद्यावर चौकोन होते. एका चौकोनात न्यायाधीश, एकात वकिलांचं टेबल आणि त्यामागे माझा मुलगा, सूट मित्राचा, खांद्यांवर सैल. आमच्या चौकोनावर माइकचं चित्र होतं आणि त्यावर लाल काट. ती कोर्टानंच मारलेली. आम्हाला ती काढता येत नव्हती.

न्यायाधीश वयस्क होते, आवाज शांत. त्यांनी एकेक हक्क वाचून विचारलं. तुला खटला चालवून घेण्याचा हक्क आहे, तो तू सोडतोस हे समजतं का? गप्प राहण्याचा हक्क? तुझ्याविरुद्धच्या साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा? प्रत्येक वेळी तो म्हणाला, येस, युअर ऑनर. आठवीच्या वर्गात मी हे हक्क फळ्यावर लिहिताना क्रमांक घालते. इथे तो एकेक करून ते परत देत होता.

मग न्यायाधीश म्हणाले, तू काय केलंस ते तुझ्या शब्दांत सांग.

तो उभा राहिला. हात पाठीमागे घेतले. लहानपणी माफी मागताना असाच उभा राहायचा, मीच शिकवलेलं.

"मी अलार्म झाकला आणि दिवा पेटता ठेवून खोलीबाहेर गेलो," तो म्हणाला. "ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. मी पुन्हा असं करणार नाही."

नवऱ्यानं माझा हात धरला. न्यायाधीशांनी कागदांवरून नजर वर केली. अलार्म झाकायची कल्पना कुणाची होती? तुला कुणी सुचवलं का?

"नाही, युअर ऑनर," माझा मुलगा म्हणाला. "माझीच होती."

मी ओरडले. खोटं बोलतोय तो, मी सांगितलं, माझी कल्पना, मी! इंग्रजीत ओरडले, मग मराठीत. नवऱ्यानं मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. पडद्यावर कुणाची मानही हलली नाही. आमच्या चौकोनात दोन म्हातारी माणसं तोंडं हलवत होती. न्यायाधीश पुढच्या पानाकडे वळले.

आता त्याला आत जाऊन चार महिने झाले. दर शुक्रवारी संध्याकाळी तो फोन करतो. आधी एक यांत्रिक आवाज सांगतो की हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. त्या मुलाच्या घरच्यांचा वेगळा दावा अजून चालू आहे, त्यामुळे फोनवर किंवा पत्रात घटनेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी वकिलीणबाईंची ताकीद आहे. मी ती पाळते. वर्गात आता माफीपत्रं घेत नाही. परवा सातवीतली एक मुलगी मैत्रिणीचा कंपास मोडल्याबद्दल लिहून घेऊन आली होती, वहीचं पान, तीन वाक्यं, खाली सही. तिच्या मोठ्या बहिणीनं नमुना शिकवला होता. मी दुसरं वाक्य खोडलं आणि तिला विचारलं, "तुला खरंच माहीत होतं का गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला हा प्रश्न परीक्षेतला वाटला असणार.

कायद्याचं मी पुष्कळ वाचलं या काळात. नवरा म्हणतो आता पुरे. पण एक गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात न बघता कळते. त्याचं दुसरं वाक्य खोटं होतं. त्याला माहीत नव्हतं. आरतीच्या आधी पिशवी बांधतात एवढंच त्याला माहीत होतं, समईत तेल घालतात तसं. माहीत मला होतं. नातूरनं माझ्याच हॉलमध्ये उभं राहून दोनदा सांगितलं होतं, आग लगेगा तो मालूम कैसे पड़ेगा. मी हो हो म्हटलं होतं. धोका कळत होता आणि मी काणाडोळा केला. तिसरी पायरी, तंतोतंत. आणि मी नामानिराळी राहिले.

म्हणून एक कागद लिहून ठेवलाय, त्याच्यासाठी, मराठीत. तो सुटून येईल तेव्हा हातात द्यायला. मी तुला पिशवी बांधायला सांगितलं. ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. तिसरं वाक्य लिहिता येत नाही. पुन्हा करणार नाही म्हणायला हातात काहीतरी उरलेलं असावं लागतं.

काल शुक्रवार होता. कागद टेबलावर ठेवून मी फोनची वाट बघत बसले. यांत्रिक आवाजानं आपलं सांगून झालं आणि मग तो बोलला, "हाय, मा."

मी दोन्ही वाक्यं मनातल्या मनात वाचली. मग विचारलं, "जेवलास का रे?"

"जेवलो, आई," तो म्हणाला. मराठीत.